झीतूनकडे पाठ फिरवली तेव्हा

हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. पण हे माझ्याच घरात घडलंय. बिझर्त शहरात, जुन्या बंदरामागच्या भाड्याच्या घरात. ऑक्टोबरातला गुरुवार होता. आणि रात्र नव्हती...

दुपारचे साडेतीन वाजले होते.

मी वसीला. घरात मी, नवरा नूफल आणि आमचा काळाभोर कुत्रा झीतून.

त्या घरात आल्यापासून त्याला एक खूळ लागलं होतं. दुपारी गल्ली झोपली की हा भुंकायचा. माझा झगा ओढायचा, चप्पल पळवायचा. मी ओरडले की क्षणभर थांबायचा, पुन्हा तेच.

"तो कमी भुंकतो, तूच जास्त," नूफल म्हणायचा.

"मग तू थांब ना दुपारी घरी!"

शेवटी त्याला प्राण्यांच्या डॉक्टर लतीफाबाईंकडे नेलं. त्या हसल्या.

"अहो, लक्ष हवंय त्याला. तुमचं ओरडणंही त्याला लाडच वाटतं. भुंकला की पाठ फिरवा. बघायचं नाही, बोलायचं नाही. गप्प बसला की मग कुरवाळा. आधी जास्त दंगा करेल, मग सोडून देईल. पण घरातल्या एकानेही दाद द्यायची नाही हं!"

चार दिवस कान किटले.

पाचव्या दुपारी घर एकदम शांत.

मी खुशीत मटणाचा तुकडा घेऊन त्याला शोधायला गेले. तो घरातल्या मागच्या बोळकांडीत बसला होता. तिथे दार नाही, खिडकी नाही. नुसती भिंत.

भिंतीकडे बघत त्याने पंजा उचलला...

पंजा तसाच राहिला. हवेत. कुणीतरी हातात धरल्यासारखा.

आणि शेपटी हलत होती.

"माशी दिसली असेल," नूफल म्हणाला. पण दुसऱ्या दुपारीही तेच. तिसऱ्या दुपारीही. मी लतीफाबाईंना फोन केला.

"रोज तिथेच जातो म्हणजे तिथे त्याला दाद मिळतेय," त्या म्हणाल्या. "घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही."

त्यांनी वहीची पानं उलटल्याचं ऐकू आलं.

"शुक्रवारी घेऊन या त्याला."

गुरुवारी दुपारी मी कुसकुस वाफवत होते. झीतून धावत आला. भुंकत नव्हता, कण्हत होता. झगा दातात धरून मला बाहेरच्या दाराकडे ओढू लागला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

मला वाटलं, झालं पुन्हा सुरू. नियम म्हणजे नियम. आणि खरं सांगते, त्याच्या डोळ्यांत बघायची मला भीतीही वाटत होती.

मी पाठ फिरवली.

तेवढ्यात बोळकांडीतून आवाज आला...

"च्... च्... च्..."

लाडाने कुत्र्याला बोलावतात ना, तसा.

झगा सुटला.

फरशीवर नखं वाजली. टक, टक, टक... लांब गेली. आणि मध्येच थांबली.

मी वळले. बोळकांडी रिकामी होती.

बाहेरच्या दाराला आतून कडी होती. खिडक्या बंद होत्या. नूफलने येऊन भिंत ठोकून पाहिली. भरीव. पंधरा दिवस आम्ही सारं बंदर पालथं घातलं. नूफलला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही ते घर सोडलं.

गेल्या महिन्यात तिथल्या शेजारीण जमुर्दाबाई मासळी बाजारात भेटल्या.

"तुमचं घर अजून रिकामंच आहे गं. पण दुपारी आत कुत्रा भुंकतो."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "खूप वेळ?"

"छे! एकदा-दोनदा. मग कुणीतरी हसतं... आणि तो गप्प होतो."

नूफल म्हणतो, मालकाकडून किल्ली मागू, एकदा आत जाऊन हाक मारून येऊ.

मी अजून हो म्हटलेलं नाही.

मी हाक मारली, त्याने ऐकली... आणि तरीही तो आला नाही तर?