अकरा घरांचा एक डबा

काम साधं होतं. एका कागदावर एका बाईची सही आणायची. 'सेवा सुरळीत चालू आहे, माझी तक्रार नाही' असं त्यावर आधीच छापलेलं होतं. साहेबांनी तो माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, "डोंगरावरची वस्ती. शेवटचं घर. सही घे आणि विषय संपव."

मी काचेच्या तारा जोडणारा माणूस. केसाएवढी बारीक तार, तिच्यातून उजेड धावतो आणि घरात इंटरनेट येतं. चौदा वर्षं हेच करतोय आणि बरं करतोय. पण त्या वस्तीचा विषय निघाला की मला मान वर करता येत नाही. का, ते आधी सांगून टाकतो. मग पुढचं ऐका.

त्या वस्तीवर तार कधी गेलीच नाही. खालच्या शाळेपासून चर खणत निघालो तर दीड किलोमीटरवर काळा कातळ लागला. खडक फोडायचं यंत्र मागितलं. साहेब म्हणाले, "फोटो टाक. तार मागून येईल." फोटोत प्रत्येक घराच्या भिंतीवर इंटरनेटचा पांढरा डबा दिसला पाहिजे आणि शेजारी घरमालक उभा पाहिजे. डबा माझ्याकडे एकच होता. भिंतीला दोन भोकं पाडायची, डबा टांगायचा, फोटो काढायचा, डबा उतरवायचा की पुढचं घर. एका दिवसात अकरा घरं उरकली. आमच्यात याला कोणी लबाडी म्हणत नाही, सगळेच करतात.

शेवटचं घर शिंपीकाकांचं. फोटोसाठी म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी डबा उतरवायला लागलो तेव्हा पडू नये म्हणून त्यांनीच तो खालून धरला.

"परत कधी लावणार?"

"दोन दिवसांत, काका."

इतकं सहज खोटं बोललो मी.

कागदावर वस्ती जोडली गेली. पुढचं ऐकून तुमच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल. तिथे दर मंगळवारी डॉक्टरांची जीप जायची, ती बंद केली. का, तर आता घरोघरी इंटरनेट आहे, डॉक्टर पडद्यावरून तपासतील! प्रत्येक घराला एक टॅब वाटला आणि सगळ्यांनी हात झटकले. मला हे सहा महिन्यांनी कळलं, शिंपीकाकांच्या सुनेच्या तक्रारीतून. तिने लिहिलं होतं, 'मला नववा महिना आहे. पहिलं बाळ दगावलं. जीप परत सुरू करा.' त्यावर आमच्या ऑफिसचं उत्तर असं, की आपल्या घरची लाइन दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता वीस मिनिटं वापरली जाते, सबब तक्रार निराधार आहे. तिची सही आणली की जीपचा विषय कायमचा मिटणार होता.

लाइन वापरली जाते! जिथे तारच नाही तिथे! मला वाटलं, फोटो मी खोटे काढले, आकडे यांनी खोटे बनवले. डोकं सणकलं होतं. तरी कागद खिशात घालून निघालो. नोकरीपुढे सगळे असेच मुकाट असतात, मीही तसाच होतो.

मंगळवार होता. डोंगराच्या पायथ्याशी सरकारी दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरबाई तीन महिन्यांपूर्वीच बदलून आलेल्या. शेडमध्ये जीप ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली दिसली. मी विचारलं, "वरच्या वस्तीवरून खरंच कॉल येतो का हो?"

"न चुकता येतो. बसा ना, अकरा वाजतच आलेत."

अकराला पडदा उजळला. अंधारी खोली, एक खुर्ची आणि खुर्चीत शिंपीकाका. तोच इस्त्रीचा शर्ट. ओठ हलत होते पण आवाज नव्हता. त्यांनी हळूहळू बटणं काढली आणि छातीवर तळवा ठेवला.

"गोळ्या घेताय ना काका?" डॉक्टरबाई मोठ्याने म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आवाज तेवढा कधीच येत नाही. तुमच्याच कंपनीचं काम, दुसरं काय."

काकांनी डॉक्टरबाईंकडे बघितलंच नाही. ते त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होते. वीस मिनिटं.

खरं सांगू? मला हायसं वाटलं. म्हटलं, दुसऱ्या कुठल्यातरी टोळीने तार वर नेली असेल. मग सही घ्यायला हरकत काय? मी तारेच्या मागावर निघालो. शाळेजवळच्या जोडणीला मीटर लावलं. हे मीटर तारेत उजेड सोडतं आणि तार किती मीटरवर संपते ते दाखवतं. आकडा पंधराशेवर गेला, पण थांबला नाही. चार हजार. नऊ हजार. तीस हजार... मी बटण दाबून ते बंद केलं. मीटर बिघडलंय असं स्वतःशीच म्हणालो, तेही मोठ्याने.

कातळापाशी पोचलो. तारेचं टोक मी ठेवलं होतं तसंच होतं, गुंडाळलेलं, माझ्याच हातची काळी पट्टी लावलेलं. त्याच्यापुढे नुसता खडक.

तिथून वर धुकं होतं. भर दुपारी रस्ता चार पावलांच्या पलीकडे दिसेना. ओल्या मातीचा वास येत होता, आणि माझ्या बुटांखेरीज कसलाही आवाज नव्हता. परत फिरावंसं वाटलं. फिरलो नाही, कारण मला रागही आला होता आणि कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

दार काकूंनी उघडलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भोकं पाडून गेलेले ते तुम्हीच ना?"

"हो. काका कुठायत? सकाळीच दिसले मला, दवाखान्यात, पडद्यावर."

काकूंनी दाराची कडी घट्ट धरली. आतून सून आली, पोटावर हात धरून, सावकाश. ती म्हणाली, "मामंजींना जाऊन चार महिने झाले."

खिशातला कागद मी आणखी आत ढकलला.

"मंगळवारीच गेले," ती म्हणाली. "सकाळी छातीत कळ आली. टॅब मांडीवर घेऊन त्या भिंतीसमोर बसले, आता डॉक्टर दिसतील म्हणून. आम्ही म्हणत होतो, झोळी करून खाली नेतो. ते म्हणाले, थांबा गं, त्या माणसाने दोन दिवस सांगितलेत..."

टॅब कपाटात पडून होता, कधीचा बंद. मी त्या खोलीत गेलो. भिंतीसमोर खुर्ची होती. भिंतीत माझी दोन भोकं होती आणि त्या भोकांच्या आत, खोलवर, काहीतरी हिरवं उघडमीट करत होतं. डबा लाइन शोधत असला की त्याचा दिवा करतो तसं. मी हात लावला. बाहेर गारठा असून भिंत कोमट होती, माणसाच्या अंगासारखी. खोलीत चोळायच्या मलमाचा वास भरून राहिला होता.

"मंगळवारी आम्ही या खोलीत येत नाही," काकू दारातून पुटपुटल्या. "खुर्ची... वाजते."

तेव्हा माझा बांध फुटला. भीती होतीच, पण संताप तिच्याहून मोठा होता. साहेबांचा, ऑफिसचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मेलेल्या माणसाची तळमळ यांनी वापर म्हणून मोजली होती! मी कागद भिंतीला टेकवला, छापलेल्या ओळीवर काट मारली आणि लिहिलं, 'इथे तार नाही. कधीच नव्हती. फोटो खोटे आहेत, ते मी काढले.' खाली माझी सही केली. सही करताना मागे खुर्ची करकरली. मी वळून बघितलं नाही. हिंमतच झाली नाही.

वळलो तो काकूंच्या ओरडण्याने. सून चौकट धरून खाली बसली होती. "कळा सकाळपासूनच येतायत," ती दात आवळून म्हणाली. "म्हटलं, थांबतील." आणि तिथेच तिचं पाणी गेलं.

फोनला रेंज नाही. खाली चालत दोन तास. काकू माझ्याकडे बघत होत्या. "आता? आता काय करू मी? बोला ना!" मी झोळीसाठी खाटेवरची चादर ओढली.

पाचच मिनिटांत बाहेर हॉर्न वाजला. जीप होती. डॉक्टरबाई पेटी घेऊन धावत आत आल्या आणि आम्हाला बाहेर काढून त्यांनी दार लावून घेतलं. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, असं नंतर कळलं. तासभराने ते रडलं. मुलगी. आई सुखरूप. काकू उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडल्या, आणि मीही.

बाहेर हात धुताना डॉक्टरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "दुपारी परत कॉल आला होता. कधी येत नाही तसा. तुमचा चेहरा होता, अगदी जवळ. काहीतरी लिहीत होता तुम्ही. काकांचा हात तुमच्या खांद्यावर होता. दुसऱ्या हाताने ते दाराकडे बोट दाखवत होते, सारखं... आणि दारात ही वाकून उभी."

"कधी आला कॉल?"

"जीपला वर यायला चाळीस मिनिटं लागतात," एवढंच त्या बोलल्या.

जीप दारात आली तेव्हा मी लिहायला लागल्याला पाव तासही झाला नव्हता. आम्ही दोघांनी यावर पुन्हा बोलायचं टाळलं.

कागद साहेबांच्या टेबलावर आपटला. त्यांनी वाचला आणि खणात टाकला. "वापर दिसतोय ना? मग तार आहे. तू जरा रजेवर जा." मी त्यांना काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही.

डॉक्टरबाई आता दर मंगळवारी परवानगी न विचारता जीप काढतात. त्या दिवसापासून काका पडद्यावर आले नाहीत.

परवा डॉक्टरबाईंचा फोन आला. अकरा वाजता पडदा परत उजळला होता. अनोळखी म्हातारी होती, हनुवटीवर मोठा तीळ, आवाज नाही. काळानिळा पडलेला, टम्म सुजलेला पाय उचलून ती दाखवत होती. पडद्यावरचा पत्ता नदीपलीकडच्या वस्तीचा. तिथे आमचं काम सुरूच झालेलं नाही, पुढच्या महिन्यात आहे.

आज सकाळी मी तिथे जाऊन आलो. पत्त्यावरचं दार वाजवलं. तिनेच उघडलं. तोच तीळ. मी आधी तिच्या पायांकडे बघितलं, दोन्ही पाय धडधाकट होते. आत भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिने डब्यासाठी जागा करून ठेवली होती. माझ्या हातात पाण्याचा पेला देत तिने विचारलं, "ते इंटरनेट आलं की डॉक्टरांची जीप बंद तर नाही ना करणार, बाबा?"