मापाजीचं शून्य

माझ्या बाराव्या वाढदिवशी माझी उंची एक सेंटिमीटरने कमी झाली.

थट्टा करत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या आजोबांचं, म्हणजे आबांचं, गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. त्याच्या मधोमध एक लोखंडी खांब आहे. दर सहा महिन्यांनी आबा मला त्या खांबाला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आडवा धरायचे आणि तांबड्या पेन्सिलीने रेघ मारायचे. जूनमधली रेघ १४४ ची होती. त्या शनिवारी सकाळी आबा काही येईनात, म्हणून मीच खांबाला टेकले, गुण्या धरला आणि वळून पाहिलं, तर गुण्या जुन्या रेघेच्या खाली!

"आबा, मी आखडले!" मी ओरडले.

"मागनं सवडीनं बघू गं इरू," आबा मान न वळवता म्हणाले. "मापाजी, उजवीकडलं किती म्हणालास?"

मापाजी म्हणजे यंत्रमानव. ही २०६१ सालची गोष्ट. आबांच्या कमरेने संप पुकारला होता आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, म्हणून आबांनी हा प्राणी एका कंपनीकडून महिनाभरासाठी जाकडावर (पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा, या बोलीवर) आणला. दिसेल ते मोजतो म्हणून आबांनीच त्याचं नाव मापाजी ठेवलं. त्याच्या चाकांना सपाट जमीन लागते म्हणून वर्कशॉपातली उंचसखल शहाबादी फरशी उखडून टाकली आणि खालचा जुना कोबा घासून आरशासारखा केला. माझं बसायचं स्टूल त्याच्या चार्जरखाली गेलं. पूर्वी गाडीखाली सरपटत जाऊन आबांना पाना द्यायचं काम माझं होतं. आता आबा म्हणायचे, "तू अभ्यास कर. मापाजी हाय की." आणि खांबावर माझ्या रेघांच्या वर, आबांच्याच अक्षरात, आणखी एक रेघ उमटली होती: मापाजी, १५२.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. यंत्राची उंची मोजतं का कुणी?

आमच्या वर्कशॉपची शान म्हणजे 'निळी'. ही उघडझाप छताची जुनी मोटार. आता सगळ्या गाड्या आपल्या आपण चालतात आणि डबीसारख्या बंद असतात. पण लग्नाची वरात बंद डबीतून कशी काढणार? नवरानवरी दिसायला नकोत का? म्हणून निळीला अख्ख्या गावातून मागणी. रविवारी शिरोळकरांची वरात ठरलेली, आणि नेमकं निळीचं छत बिघडलं. लावताना ते तिरकं यायचं आणि गाडी चालू लागली की खडखड, खडखड करायचं.

त्या छताची रचना आधी सांगते. डाव्या आणि उजव्या बाजूला पोलादी दांड्यांची एकेक साखळी असते. छत्रीच्या काड्यांसारख्या या दांड्या एकमेकींना सांध्यांनी जोडलेल्या असतात. प्रत्येक बाजूची साखळी मागच्या सीटशेजारच्या एका ब्रॅकेटवर (गाडीच्या अंगाला बोल्टने आवळलेल्या जाड पट्टीवर) तोललेली असते. छत पुढे येऊन लागलं की पुढच्या कडेच्या दोन खुंट्या समोरच्या काचेच्या चौकटीतल्या दोन खोबणींत जाऊन बसतात. दोन्ही बाजू सारख्या हलल्या तर खुंट्या अलगद बसतात. एक बाजू जरी हुकली तरी सगळं वाकडं.

मापाजी तीन दिवस या छताच्या मागे होता. कारखान्याच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्याने डावं ब्रॅकेट हा संदर्भबिंदू (जिथून मोजायला सुरुवात करायची ती जागा) धरला. त्याचं शून्य तिथे. तिथून मोजल्यावर त्याला उजवी बाजू दोन सेंटिमीटर चुकलेली दिसली. त्याने उजवी बाजू डावीसारखी केली. छत सरळ आलं, पण आता दोन्ही खुंट्या खोबणींपासून दोन सेंटिमीटर दूर! मग त्याने खोबणी सरकवल्या. त्या एकच सेंटिमीटर सरकतात. उरलेलं अंतर कडीने ओढून दामटलं. छत लागलं, पण ताणलेलं. कडेच्या रबरी पट्ट्या काचांवर नीट दबेनात, मध्ये फट राहिली आणि खडखड दुप्पट झाली. एक दुरुस्ती केली की ती दुसरी मागत होती.

मी लांबून बघत होते आणि मनात गुदगुल्या होत होत्या. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मापाजीला ठाऊक नव्हती. तीन आठवड्यांपूर्वीच्या वरातीत आतषबाजी दिसावी म्हणून मी निळीच्या घडी केलेल्या छताच्या डाव्या दांड्यांवर चढून उभी राहिले होते. पायाखाली 'कट्' असा आवाज झाला होता. मी गुपचूप उतरले होते आणि गुपचूपच राहिले होते. आधी ओरडा बसेल म्हणून. नंतर, मापाजीची फजिती होतेय म्हणून. त्याच शनिवारी पाच वाजता जाकडाची मुदत संपत होती. कंपनीची गाडी त्याला न्यायला येणार होती. मला फक्त गप्प बसायचं होतं.

चार वाजता आबांनी ड्रिल मशीन काढलं.

"चौकटीत नवी भोकं पाडायची आणि खोबणी आणखी मागं घ्यायच्या," ते म्हणाले. "दुसरा इलाज न्हाई." पण त्यांचा हात काही पुढे होईना. चाळीस वर्षं सांभाळलेल्या निळीला ते कधी भोक पाडतील, असं मला वाटलं नव्हतं.

"माझी मापं बरोबर आहेत आणि छत चूक आहे," मापाजी म्हणाला. "दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. दोष माझ्यात असावा. मला परत पाठवा."

आबा खुर्चीत मटकन बसले. "चांगला होतास रं," एवढंच म्हणाले.

झालं! मी जिंकले होते. ऐटीत खांबाकडे गेले, म्हटलं, त्याची रेघ आता पुसून टाकावी. तर खांबावर माझ्या जूनच्या रेघेच्या वर एक नवी रेघ होती, आणि शेजारी छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं: 'इरावती. फरशी काढल्याने जमीन ४ सेंटिमीटर खाली गेली आहे. ते धरून खरी उंची १४७. वाढ ३ सेंटिमीटर.' स्वतःची रेघही त्याने चार सेंटिमीटर वर घेतली होती.

म्हणजे मी आखडले नव्हते, वाढले होते. पण मला आनंदबिनंद काही झाला नाही. आमच्या खांबावर, आबांच्या तांबड्या पेन्सिलीने, याने रेघ मारली! ती मारायचा हक्क फक्त आबांचा होता. माझं डोकंच फिरलं.

"अरे शहाण्या!" मी किंचाळले. "माझी जमीन सरकली ते तुला बरोब्बर कळतं! मग तुझं शून्य सरकलंय ते नाही कळत? डावं ब्रॅकेट तीन आठवड्यांपूर्वीच हललंय! बघ जाऊन!"

मग माझ्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

मापाजी निळीच्या डाव्या बाजूला गेला. मागच्या सीटशेजारचं झाकण त्याने काढलं आणि दिवा धरला. ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टखालचं वायसर (बोल्टखाली घालतात ती गोल चकती) जिथे वर्षानुवर्षं दबून होतं, तिथे धूळ न लागलेला, नवाकोरा निळा रंग दिसत होता. नखाएवढी निळी चंद्रकोर. वायसर तिथून दोन मिलिमीटर मागे सरकलं होतं.

"इरू," आबा हळू आवाजात म्हणाले, "तुला कसं ठावं?"

मी सगळं सांगितलं. 'कट्' आवाजासकट.

"चढलीस त्याचं काय न्हाई," आबा म्हणाले. "आम्ही बी चढलोय. पण तीन दिस गप बसलीस? मी त्याला परत धाडाय निघालो हुतो, ते बी चूक नसताना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तुम्ही माझ्याकडे बघतच नाही! सकाळी मी आखडले म्हणाले, तरी तुम्ही उठला नाहीत. सगळं त्यालाच विचारता. मला तो आवडत नाही!"

आबा कमरेवर हात ठेवून उठले आणि माझ्याजवळ आले. "ते माझं चुकलं," ते म्हणाले. "सकाळी तुझ्यासाठी उठलो असतो ना, तर जमीन सरकलेली दिसली असती, आणि ह्या छताचं उत्तर बी तवाच गावलं असतं."

"पण दोन मिलिमीटरने दोन सेंटिमीटरची चूक कशी होईल?" मी नाक पुसत विचारलं.

आबांनी जळमटं काढायचा लांब झाडू माझ्या हातात दिला. "मूठ जराशी वळव." मी मूठ वळवली. झाडूचं टोक हातभर हललं.

"ब्रॅकेटचे दोन बोल्ट बारा सेंटिमीटरवर आहेत," मापाजी म्हणाला. "खालचा जागेवर राहिला, वरचा दोन मिलिमीटर सरकला, त्यामुळे ब्रॅकेट किंचित कललं. छताचा पुढचा टोकाचा भाग एकशे वीस सेंटिमीटरवर आहे. अंतर दहापट, म्हणून चूकही दहापट. दोन मिलिमीटरचे वीस झाले."

"म्हंजे खडखड पुढं, आणि दुखणं मागं," आबा म्हणाले. "आता शून्य कुठलं धरायचं ते सांग, इरू."

मी विचार केला. बोल्टने आवळलेली कुठलीच वस्तू नको, ती सरकू शकते. "जे सरकूच शकत नाही ते," मी म्हणाले. "गाडीच्या सांगाड्यावर कारखान्यात जोडकाम करून बसवलेल्या खुणा."

आबांनी गवंड्याची लाइनदोरी आणली. पुढच्या आणि मागच्या पक्क्या खुणांमधून आम्ही ती ताणली. गाडीची मधली रेषा मिळाली. मापाजीने या रेषेपासून दोन्ही ब्रॅकेटं मोजली. दोरी खुणांवरून हलू नये म्हणून ती धरायला मी गाडीखाली सरपटत गेले, पूर्वीसारखी. बाहेर येऊन आधी कडी सोडली, मग खोबणी जुन्या जागी नेल्या, उजवी बाजूही होती तशी केली. सगळ्यांत शेवटी डावं ब्रॅकेट त्या निळ्या चंद्रकोरीवर बरोबर परत बसवलं आणि बोल्ट आवळला. मापाजी एकेक माप सांगत होता आणि मी पाना फिरवत होते. त्याचं माप एकदाही चुकलं नाही. याचाही मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू?

आबांनी बटण दाबलं. छत उठलं, पुढे आलं आणि दोन्ही खुंट्या खोबणींत एकदम बसल्या. मग आम्ही निळीला मागच्या खडबडीत बोळातून फिरवून आणलं. छताचा चकार शब्द नाही.

पाच वाजता कंपनीची गाडी आली. आबांनी तिच्यासोबत आलेल्या माणसाला चहा पाजला आणि "ठेवला त्याला" म्हणून गाडी मोकळीच परत पाठवली. मला बरं वाटलं की वाईट, ते धड कळेना.

मग आबांनी मला खांबाशी उभं केलं आणि मापाजीने काढलेल्या रेघेवरूनच पेन्सिल पुन्हा फिरवली. "हितनं पुढं जमिनीपासनं मोजायचं न्हाई," ते म्हणाले आणि खांबावरच्या एका जुन्या रिबेटीवर (लोखंडात ठोकून पक्क्या बसवलेल्या खिळ्यावर) त्यांनी शून्य लिहिलं.

मापाजी दोन्ही रेघा निरखत होता. "पाच सेंटिमीटर," तो म्हणाला. "याच वेगाने इरावती एका वर्षात माझ्या वर जाईल. माझी रेघ इथेच राहील." त्याने पुन्हा एकदा मोजून पाहिलं. "ही माहिती मला आवडली नाही. याला काय म्हणतात?"

या विषयात माझा अनुभव दांडगा होता. "याला जळणं म्हणतात," मी म्हणाले आणि माझ्या स्टुलावरचा त्याचा चार्जर जरा बाजूला सरकवून उरलेल्या जागेवर बसले.

"काळजी करू नगंस," आबा हसत म्हणाले. "जूनमधी तुझ्या चाकाखाली एक शहाबादी सारतो."

"ती फसवणूक होईल," मापाजी म्हणाला. मग हळूच विचारलं, "किती जाडीची?"