तिघांचं ड्रोन आणि एक शून्य

"तिघांना सारखे गुण? वीस, वीस आणि वीस?" शर्वरी निकालाच्या पडद्यासमोर उभी राहून ओरडली. "हा कुठला न्याय?"

अकोल्याच्या त्या शाळेत प्रकल्प तपासायचं काम तोलक नावाचा यंत्रमानव करत असे. तो प्रयोगशाळेतच असायचा, त्यामुळे कोण काय करतं ते त्याला दिसायचं. सातवीतल्या शर्वरी, निहार आणि ओजस यांनी उजाड टेकडीवर बिया टाकणारं ड्रोन बनवलं होतं. ते झकास उडालं. गटाला साठ गुण मिळाले आणि तोलकाने ते सरळ तिघांत वाटून टाकले.

"सांगाडा मी बनवला. प्रोग्रॅम निहारने लिहिला. आणि हा ओजस? खिडकीत बसून पाय हलवत होता! आम्ही राबायचं आणि याने आयतं खायचं?"

ओजसचे कान लाल झाले.

"प्रश्न रास्त आहे," तोलक म्हणाला. "कुणामुळे किती भर पडली, ते कसं मोजशील?"

"सोपंय. एकेकाला वगळून बघ. मी नसते तर?"

"ड्रोन उडालं नसतं. साठ गुण गेले असते."

"म्हणजे साठही माझे!"

"पण निहार नसता, तरी ते उडालं नसतं. मग साठ त्याचेही. झाले एकशेवीस! एवढे गुण आणू कुठून?"

शर्वरी आणखीच चिडली.

तोलकाने पडद्यावर अनुरूपण (खऱ्यासारखी घटना संगणकात घडवून पाहणं) सुरू केलं. "समजा, तुम्ही एकामागून एक आलात. आधी तू. नुसता सांगाडा उडत नाही, म्हणून तुझी भर शून्य. मग निहार आला, ड्रोन उडालं. साठही त्याचे. आता क्रम उलटा करू."

"मग साठ माझे."

"म्हणून सगळे क्रम घडवून पाहायचे आणि प्रत्येकाच्या भरीची सरासरी (बेरीज करून केलेली सारखी वाटणी) काढायची."

पडद्यावर आकडे उमटले. शर्वरी तीस, निहार तीस. ओजस पहिला येवो की शेवटी, काहीच फरक पडत नव्हता. त्याच्यापुढे शून्य.

"बघा!" शर्वरी म्हणाली.

"शून्यच येणार!" ओजस उसळून उठला. "मी पाती जोडायला घेतली, तर तू हातातून हिसकावलीस. 'तू बिघडवशील' म्हणालीस. बियांचं विचारलं, तर 'मधेमधे करू नकोस'. मग खिडकीत नाही तर कुठे बसू?"

"खोटं बोलतोय ना हा, निहार?"

निहारने मान हलवली. "नाही गं. मीसुद्धा तुला घाबरूनच गप्प बसलो."

शर्वरीचा चेहरा उतरला. मग ती तोलकावरच उखडली. "तुला हे सगळं दिसत होतं?"

"हो. पण मला शेवटी तोलायला सांगितलंय. भर किती पडली ते मी सांगतो. ती का पडली नाही, ते माझं गणित सांगत नाही."

"मग काय उपयोग? भाजी करपल्यावर चव घेऊन काय करायचं? शिजत असतानाच घ्यायला हवी ना!"

"म्हणजे काम चालू असतानाच तोलायचं, आणि तुम्हालाही विचारायचं," तोलक म्हणाला. "हे मी विज्ञानाच्या बाईंना सुचवतो."

"आणि माझं शून्य?" ओजसने विचारलं.

"आकडा बरोबर आहे, तो पुसणार नाही. पण त्याच्यापुढे कारणही लिहीन."

ओजस घुश्शातच म्हणाला, "टेकडीची मागची बाजू अजून बोडकी आहे. तिथे मुरूम आहे, खैराचं झाड तगेल."

शर्वरी 'नको' म्हणणार होती. तिने ओठ आवळले.

"बिया तू निवड," ती म्हणाली. "पण चुकलास, तर मी भांडणार."

"खुशाल भांड. फक्त हिसकावू नकोस."

"आणि मीही बोलणार," निहार पुटपुटला.

"मोठ्याने बोल!" दोघं एकदमच त्याच्यावर ओरडली.