तीन सेकंद आणि वर थोडं

औरंगपुऱ्याच्या आतल्या गल्लीत आमचं हॉस्पिटल आहे. चार मजली, खाली औषधांचं दुकान, समोर स्टीलच्या भांड्यांचा बाजार. नेटवर्कची खोली दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी. तिथं मी सहा वर्षं काम करते. एसी कायम अठरावर, म्हणून वैशाखातसुद्धा माझ्या खुर्चीच्या पाठीवर शाल असते. कपाटावर गणपतीची छोटी तसबीर आहे. सकाळी आधी तिला फूल, मग लॉगिन.

गेल्या फाल्गुनात आमचा राउटर पावणेदोन तास अडकून पडला. बाहेरून दिवे हिरवे, आत काही हलेना. रिपोर्ट उघडेनात. सिस्टर लोक आयसीयूचे आकडे कागदावर लिहून जिने चढत-उतरत होते. कुणाचं काही बिघडलं नाही, देवाची कृपा. पण दुसऱ्या राउटरची फाइल वर्षभर पडून होती, ती आठवड्यात मंजूर झाली.

काम तसं सोपं. राउटर दोन, पण दोघांचा मिळून पत्ता एक. तो खरा कुणाचाच नाही, पण हॉस्पिटलमधलं प्रत्येक यंत्र त्यालाच ओळखतं. दोघांतला एक मुख्य. तो दर सेकंदाला सांगतो, मी आहे. दुसरा राखीव. तो फक्त ऐकतो. लागोपाठ तीन हाका आल्या नाहीत, तीन सेकंद आणि वर थोडं गेलं, की तो पत्ता स्वतःकडं घेतो. कुणाला विचारत नाही. कुणाला कळतही नाही.

कॅज्युअल्टीच्या निशा सिस्टर जेवायला माझ्या खोलीत येतात, गारव्यासाठी. त्यांना मी हे सांगत होते.

"म्हंजे काम एकाचं, पगार दोघांचा?"

"तसंच."

"अन् दुसरा दिवसभर करतो काय?"

"ऐकत राहतो. लागला तर असावा."

"आमच्या वॉर्डात पण आहेत की असे दोघं-तिघं," त्या म्हणाल्या. "फक्त ते ऐकत पण नाहीत."

मी हसल्यासारखं केलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बरं, पहिला नीट होऊन परत आला तर?"

तेच मला ठरवायचं होतं. प्रीएम्प्ट नावाची एक सेटिंग असते. ती चालू ठेवली तर परत आलेला आपली जागा मागून घेतो. पण त्या अदलाबदलीत पुन्हा खंड पडू शकतो. अर्धवट बरा झालेला राउटर उठबस करत राहिला तर सगळ्यांनाच ताप. मी ती बंद ठेवणार होते.

"आला तरी मागं थांबेल," मी म्हणाले. "चाललेलं काम कशाला मोडायचं?"

"बिचारा," निशा सिस्टर म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

कामासाठी वेळ मिळाली ती संध्याकाळची, साडेपाच ते आठ. सोमवार, मंगळवार, बुधवार.

नेमकी तीच वेळ माझ्या नेमाची होती.

माझं घर पडेगावला. घरात माझी आठ वर्षांची श्रेया आणि सासूबाई, भागूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे. सुदर्शनला, माझ्या नवऱ्याला जाऊन तेव्हा तेरा महिने झाले होते. अपघात. भर दिवसा, सरळ रस्त्यावर. मी रडले नाही. रडू यायची वाट पाहिली, ते आलं नाही. हातातल्या काचेच्या बांगड्या मीच काढून डब्यात ठेवल्या, कारण त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाच्या हातातून आल्यासारखा वाटायचा. श्रेया त्या दिवसापासून हसली नव्हती. विचारलं तर व्हय किंवा नाय. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या.

म्हणून मी नेम धरला. दिवेलागणीला तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा आणि आत्यांना पोथीचा एक अध्याय वाचून दाखवायचा, एकही दिवस न चुकता, श्रेया पुन्हा हसेपर्यंत. बाकी काही मागितलं नाही.

आमच्याकडं एक सोय असते. बाईला अडचण आली तर दुसरी कुणी तिच्या नावानं नेम चालवते. हात तिचे, संकल्प आपला. माझ्या चार दिवसांत शेजारच्या कडूबाई वाचायच्या. फक्त पळीभर पाणी सोडताना जी वाचणार तिचं नाव घ्यायचं आणि कधीपर्यंत तेही सांगायचं. पण कडूबाई लेकीच्या बाळंतपणाला फर्दापूरला गेल्या होत्या. दुसरं कुणी नव्हतं. सोमवारी सकाळी मी देवापुढं पाणी सोडलं आणि म्हणाले, माझ्या जागी कुणीतरी राहावं, खंड पडू नये.

मिल कॉर्नरच्या सिग्नलला लक्षात आलं की कोण ते सांगितलं नाही, आणि कधीपर्यंत तेही नाही. संध्याकाळी आठवणीनं सांगू म्हटलं. सिग्नल सुटला.

सोमवारी घरी पोचायला पावणेनऊ झाले. छावणीतून पुढं दौलताबाद रस्त्याला लागलं की थोडा वेळ दोन्ही बाजूंना नुसती झाडंच. घरात शिरले तर देवापुढं दिवा होता. तेल निम्म्यावर आलेलं, वात नीट कापलेली. कडूबाई परत आल्या असतील, असं मनात आलं. आत्या अंथरुणावर पडल्या होत्या, श्रेया भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी जेवले नाही. हातपाय धुऊन झोपले.

मंगळवारी कडूबाईंच्या दाराला कुलूप दिसलं. कुलपावर धूळ होती.

त्या संध्याकाळी मी दुसरा राउटर जोडला, दोघांना एक पत्ता दिला, आणि पहिल्याच्या हाका दुसऱ्याला पोचतात का ते पाहत बसले. पोचत होत्या. पडद्यावर दर सेकंदाला एक ओळ. घरी आले तेव्हा दिवा होता. पोथीतली खुणेची दोरी दोन अध्याय पुढं सरकली होती.

"आत्या, आज कुणी वाचलं?"

"आता गं?" त्या अंधारात हसल्या. "तूच की माय. अन् आज लई ठेक्यात वाचलंस. काल जरा घाई केली व्हतीस."

आत्यांना कधी कधी दिवसांचा घोळ होतो. मी तेवढंच लक्षात घेतलं. पोथी उघडून पाहिली. कोपरा दुमडायची माझी वाईट खोड आहे. सोमवारच्या अध्यायाचा कोपरा दुमडलेला होता. मंगळवारच्याही.

बुधवारी शेवटची परीक्षा होती. चालू राउटरची तार काढायची आणि बघायचं. पावणेसातला मी हातातलं काम थांबवून घरी फोन लावला. आत्यांचा बटणांचा फोन आहे, तो श्रेया उचलते आणि काही न बोलता त्यांच्या कानाला लावते.

"हॅलो, कोण बोलतंय?"

पूर्ण वाक्य. तेरा महिन्यांनी.

"श्रेया," मी म्हणाले. "मी गं."

"आई पोथी वाचतीय. मधी उठत नाही ती." पोर अगदी शहाण्यासारखं बोलत होती. "काही निरोप आहे का?"

तिच्या मागून वाचण्याचा आवाज येत होता. ओळ संपताना मी आवाज खाली सोडते, तसाच सोडलेला. पान उलटलं. बांगड्या वाजल्या.

"नाही," मी म्हणाले. "निरोप नाही."

"बरं काकू."

मला घाबरायला हवं होतं. मी फोन टेबलावर ठेवला, तो तारेला समांतर आहे की नाही ते पाहिलं आणि सरळ केला. मग पहिल्या राउटरची तार काढली.

एक. दोन. तीन. आणि वर थोडं.

दुसऱ्यानं पत्ता घेतला. मी खाली जाऊन पाहिलं. रिपोर्ट उघडत होते. निशा सिस्टर कुणावर तरी ओरडत होत्या, म्हणजे सगळं ठीक. वर येऊन पहिल्याची तार पुन्हा लावली. त्याचे दिवे एकेक करून हिरवे झाले. पडद्यावर त्याच्या नावापुढं आलं, राखीव. तो जिवंत होता, पूर्ण बरा होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

मी सेटिंग जतन केली. तसबिरीवरचं वाळलेलं फूल काढलं. खोलीला कुलूप लावलं.

पडेगावला पोचले तेव्हा खिडकीत उजेड होता. गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद केली. का, ते सांगता येणार नाही.

उंबऱ्याबाहेर माझी चप्पल होती.

डाव्या चपलेचा अंगठा महिन्याभरापूर्वी तुटला होता, तो मी घरीच काळ्या दोऱ्यानं शिवला होता. सहा टाके, शेवटचा तिरपा. मी वाकून मोजले. मग स्वतःच्या पायाकडं पाहिलं. सहा टाके, शेवटचा तिरपा.

आत पोळी भाजल्याचा वास होता.

"आज आवाज परत आला बघ तुझा," आत्या म्हणत होत्या. "सुदर्शन असताना असाच लागायचा. मधी लई दिवस नुसता मशीनसारखा वाचायचीस. मी बोलले नाय, पर कळत व्हतं."

कुणीतरी हळूच काही म्हणालं. मला शब्द लागले नाहीत. आवाज भरून आलेला होता, रडून झाल्यावर असतो तसा.

आणि श्रेया हसली.

आधी फिसकन, मग मोठ्यानं, मग उचकी लागेपर्यंत. सुदर्शन तिला पोटाला गुदगुल्या करायचा तेव्हाचं हसणं.

किल्ली माझ्या हातात होती. ती त्याच कुलपाची होती. दार माझं, पत्ता माझा. मी किल्ली कुलपापर्यंत नेली. आत उचकी थांबत नव्हती, कुणीतरी पाणी पाजत होतं, बांगड्या वाजत होत्या. एवढंच तर मी मागितलं होतं.

चाललेलं काम कशाला मोडायचं?

मी किल्ली पर्समध्ये ठेवली.

आता मी हॉस्पिटलमागं एका खोलीत राहते. निशा सिस्टरांनी विचारलं, घरी सगळं ठीक? मी म्हणाले, ठीक. ते खोटं नाही. आमचे दोन्ही राउटर चार महिने नीट चालू आहेत. नव्या राउटरनं एकही हाक चुकवलेली नाही.

मीही चुकवत नाही. रोज दिवेलागणीला पडेगावला जाते आणि दाराशेजारच्या पाण्याच्या टाकीजवळ, भिंतीला धरून उभी राहते. खिडकी उघडी असते. अध्याय संपला की परत फिरते. शेजारी आता कडूबाई आल्यात. माझ्याजवळून जातात, थांबत नाहीत.

काल वाचता वाचता आवाज थांबला.

अध्याय अर्ध्यावर होता. मी मोजलं. एक.

दोन.

तीन.

माझा पाय पायरीवर पडला होता.

आत कुणीतरी खाकरलं, घोटभर पाणी प्यायलं, आणि ओळ पुढं सुरू झाली. मी पाय मागं घेतला. वाळूवर चप्पल घासली, तेवढा आवाज झाला.

"आई," श्रेया म्हणाली, "ती बाई आज पण आलीय. बाहेर उभीय."

"असू दे गं," माझा आवाज म्हणाला. मऊ, अगदी मायेनं. "लागली तर असावी."

मग पान उलटलं.