चुन्याखालची नावं

परतीचा पाऊस नुकताच सरला होता. सायबाच्या बागेत सोनटक्का फुलला होता आणि खाली भाट्याच्या खाडीवरून गार वारा वर चढत होता. तेजस्वी खराटा घेऊन शिपायांच्या कबरींकडे वळली आणि थबकली. एक अनोळखी तरुण कबरीच्या दगडाशी उकिडवा बसून ब्रशनं चुना खरवडत होता.

"ओ! काय चाललंय? तो दगड काय तुमच्या परसातला आहे?"

त्यानं मान वर केली. भुवया चुन्यानं पांढऱ्या झाल्या होत्या. "नाव शोधतोय. कोणी एवढा चुना फासलाय? शिपाई आत गुदमरला असेल."

"मी फासलाय. दर दिवाळीला. माझ्याआधी आये फासायची, तिच्याआधी आजी."

"का पण?"

"दारची तुळस रंगवतो ना आपण? मग ह्यांनी काय पाप केलंय? ह्यांच्याकडे येणारं कोण आहे?"

त्यानं ब्रश खाली ठेवला.

शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईत आजारी पडलेले शिपाई बोटीनं इथं उतरवले होते. बागेतला बंगला तेव्हा दवाखाना झाला होता. जे वाचले नाहीत ते, जातधर्म न बघता, चाफ्यांच्या रांगेपाशी पुरले गेले – सव्वीस जण. आता तेजस्वी आणि तिची आई कमळा बागेत माळीकाम करत. हा तरुण स्वरूप, पाली गावचा, दगडावर अक्षरं कोरणारा. पुसट झालेली नावं नव्यानं कोरायला बागेच्या कचेरीनं त्याला महिन्याभरासाठी बोलावलं होतं.

दोन दिवसांतच बोलणं मोकळं झालं. चुन्यामुळे नावं वाचता येत नसत, म्हणून तेजस्वीनं स्वतःच प्रत्येकाला नाव दिलं होतं.

"हा लाजरा. सारखा गवतात तोंड लपवतो. आणि तो झाडाला रेललाय ना, तो आळशी."

"आणि मला काय नाव ठेवलंस?"

"आधी काम बघू दे. मग ठेवीन."

तो हसला. ती उगाच पलीकडचं गवत उपटायला गेली…

पाचव्या दिवशी त्यानं हाक मारली, "तेजस्वी, इकडे ये गो!"

लाजऱ्याच्या दगडावरचा चुना निघाला होता. स्वरूपनं तिचं बोट धरून अक्षरांवर टेकवलं. खोल, धारदार अक्षरं – काशीराम, शिपाई.

"शंभर वर्षांची अक्षरं, आणि कालच कोरल्यासारखी! मागचे ते चार दगड बघ. करवंदीच्या जाळीत होते, तिथं तुमचा हात पोचला नाही. ते पावसानं आणि शेवाळानं खाल्ले. बाकीचे तुमच्या चुन्यानं राखले."

तेजस्वीचे डोळे भरून आले. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण मोठीच चूक करून ठेवली. मग एकदम तिच्या ध्यानात आलं –

"मग… तुम्हाला कोरायला किती उरलं?"

"चारच."

त्याचंही हसू विरलं. इथलं काम संपलं की त्याला कोल्हापूरकडे जायचं होतं. एका देवळाचं काम, दोन वर्षांचं.

चार दगड. ती मनात म्हणाली, चार दगड संपायला कितीसा वेळ लागणार!

कचेरीतल्या जुन्या वहीतून नावं मिळाली. छिन्नीची टकटक रोज बागभर ऐकू येई. दुपारी तिच्या डब्यातली सुकट त्याच्या भाकरीवर जाई. तीन दगड भरभर झाले. चौथा मात्र संपेचना.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो निघणार होता.

"झालं का?" तिनं विचारलं.

"थोडं राहिलंय."

ती वाकली. दगड आरशासारखा गुळगुळीत झाला होता. "काय राहिलंय ह्यात?"

"काही नाही. चार दिवसांपूर्वीच संपलं." त्यानं नजर खाली घातली. "तुला विचारायचंय, पण धीर होत नाही… दोन वर्षांनी येईन तेव्हा तू माझी वाट बघत असशील का?"

"आणि चार दिवस मी हीच पानं झाडतेय, ते दिसलं नाही?"

"दिसलं. म्हणून तर घासत बसलो."

"दोन वर्षं मी नाही थांबायची."

त्याचा चेहरा उतरला. तिनं खराटा झाडाला टेकवला.

"वैशाखात चार दिवस रजा मिळेल का? लग्नापुरती?"

"मिळेल… मिळवीन!"

"मग आयेला विचारा. ती बघा, तिथं पिशव्यांत रोपं भरतेय. आणि आधी तोंड धुवा, पांढरं भूत दिसताय."

तो नळाकडे धावला आणि निथळतच कमळाबाईंसमोर जाऊन उभा राहिला. तो काय बोलला ते तेजस्वीला ऐकू आलं नाही. आयेचा आवाज मात्र अख्ख्या बागेनं ऐकला.

"आलास एकदाचा? बरं झालं बाबा! आणखी दोन दिवस गेले असते, तर त्या शिपायाच्या दगडाचा पाटा केला असतास तू!"

तेजस्वी ओढणीत तोंड खुपसून खाली बसली. हसून हसून तिचे खांदे कितीतरी वेळ हलत होते.