निशिगंधाताईच्या गाडीचा फुगलेला पाइप

"ताई, थांब! धूर येतोय!" गणराज टेकडीच्या पायथ्याहून ओरडला.

धूर कसला, वाफ होती ती! चाकणमागच्या टेकडीवर निम्म्या चढणीतच निशिगंधाताईची मोटारसायकल बंद पडली होती. रेडिएटरचा पाइप क्लिपमधून निसटून उकळतं पाणी तिच्या बुटावर सांडलं होतं. बूट जाड होता म्हणून पाय वाचला.

आणि उद्याच संध्याकाळी याच टेकडीवर निवड चाचणी! राज्याच्या मोटारसायकल शर्यतीच्या संघात एकच जागा उरली होती.

"क्लिप ढिली ऱ्हायली. आवळली की झालं!" गॅरेजवाले हिंदुरावकाका म्हणाले. आठवड्यात तिसऱ्यांदा ते हेच म्हणत होते.

दिवाळीची सुट्टी लागल्यापासून गणराज, त्याची बहीण विजयश्री आणि तिच्या वर्गातला नदीम यांचा मुक्काम काकांच्या गॅरेजातच होता. बघायची परवानगी होती. पान्ह्याला हात लावायची मात्र नव्हती.

गाडी थंड झाल्यावर विजयश्रीने हळूच पाइप दाबला. पिकलेल्या चिकूसारखा मऊ! अंगठाही चिकट झाला.

नदीमने कोपऱ्यातल्या बंद गाडीचा पाइप चाचपला. "हा पाच वर्षांचा, तरी घट्ट आहे. ताईचा नवा पाइप महिन्याभरातच मऊ पडला? उलटंच की!"

"काका, ताईच्या गाडीचं वेगळं काय केलंत?" विजयश्रीने विचारलं.

"येगळं? लेकीगत जपलीय तिला!" काका फुशारले. "खंडेनवमीला पूजेआधी डिझेलनं पुसली. पाइप असा चमकला म्हनता! तवापास्नं रोज सकाळी डिझेलचा एक हात देतोय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या गाडीला त्या दिवशी नुसता हार मिळाला होता.

"नुसतं सांगून काका ऐकणार नाहीत," विजयश्री पुटपुटली. "दाखवावं लागेल."

ताईच्या गाडीला पाइप बसवताना उरलेला तुकडा खिळ्याला लटकत होता. गणराजने त्याच्या दोन सारख्या चकत्या कापल्या. एक पाण्याच्या पेल्यात गेली, दुसरी डिझेलच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यांभोवती चार डोकी जमली. पाण्यातली चकती होती तशीच होती. डिझेलमधली मात्र चांगली जाडजूड झाली होती!

"आई शप्पथ!" गणराज ओरडला.

विजयश्रीच्या अंगावर काटा आला. कुणी हात लावला नव्हता, आवाज झाला नव्हता, आणि तरी रबराने आपलं अंग बदललं होतं. उकळतं पाणी आणि ताईचा पाय यांच्यामध्ये एवढंसंच तर रबर होतं!

काकांनी ती चकती ताणली. ती पटकन तुटली. "म्हंजी मीच..." ते मटकन स्टुलावर बसले.

"काका, नंतर वाईट वाटून घ्या! आधी नवा पाइप!" नदीमने त्यांना हाताला धरून उठवलं आणि सगळी वरात त्याच्या अब्बांच्या, बरकतचाचांच्या, रबरी सामानाच्या दुकानात पोहोचली.

"नुसती लांबी बघू नका, बेटा," चाचा म्हणाले. "आतल्या तोंडाचं माप अन् वळण, दोन्ही जुळायला हवं. सरळ पाइप जबरदस्तीनं वाकवला तर मध्येच चिमटतो, पाणी अडतं. गाडी थंड असताना दाबून बघत जा. फुगला, मऊ पडला, भेगाळला की बदला. अन् पुसायचा साध्या पाण्यानं!"

संध्याकाळी नवा पाइप बसवलेली गाडी ताईने चढणीला घातली. मातीचे लोट उठले. निम्मी चढण आली तशी मुलं टाचा उंचावून बघू लागली. वाफ? नाही! गाडी गर्जत वर, आणखी वर गेली आणि माथ्यावरून अशी उडाली की दोन्ही चाकांखाली नुसतं आभाळ दिसलं!

निशिगंधाताईची निवड झाली. कागद घेऊन बसलेल्या परीक्षकांनी विचारलं, "गाडी कुणी तयार केली?"

गणराजने काकांकडे बोट दाखवलं. काकांनी ते बोट हळूच खाली केलं.

"बिघडवली म्या," हिंदुरावकाका म्हणाले. "नीट केली ह्या तिघांनी. त्यांचीच नावं लिवा, सायेब!"