न ठरणारी मोटर

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळचं ऊन दुकानाच्या पायरीपर्यंतच आलं होतं, आणि रविता पाण्याच्या पंपाची मोटर मांडीशी घेऊन तांब्याची तार गुंडाळत बसली होती. तेवढ्यात एक उंच तरुण आत आला. दुपट्ट्यात काहीतरी बांधून आणलेलं — इतकं जपून, की वाटावं देव्हाऱ्यातला बाळकृष्णच घेऊन निघालाय.

“मिस्त्री नाईत का जी?”

“मिस्त्री मीच.”

तो गडबडला. मग असा मोकळा हसला, की तिच्या हातातल्या तारेचा वेढा सुटला.

दुपट्ट्यातून निघाली एक जळकी, छोटी मोटर. हा धनेंद्र पटले, दरेकशाचा. धानाची शेती करून उरलेल्या वेळात त्याने घरीच एक मशीन जोडली होती. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती मशीन लाकडात कोरायची. गावच्या भजनी मंडळाला सप्ताहाआधी नव्या चिपळ्यांचे बारा जोड द्यायचे, प्रत्येकावर विठ्ठलाचं नाव कोरून... आणि मोटरनेच दगा दिला.

“ही हातात धरून घडीभर चालवायची चीज,” रविता म्हणाली. “तुम्हाला स्पिंडल पाहिजे, कोरणाऱ्या मशीनची खास मोटर. मिनिटाला चोवीस हजार फेरे, तासन्‌तास.”

“कोणता घेऊ?”

“ते... बघावं लागेल.”

बघायला तो दर गुरुवारी रेल्वेगाडीने येऊ लागला.

“हवेवर थंड होणारा की पाण्यावर?” तिने दुसऱ्या गुरुवारी विचारलं. “हवेचा ओरडतो. पाण्याचा गुपचूप फिरतो, पण बादली, पंप, नळी सांभाळावी लागते.”

“मंग ओरडणाराच द्या.”

“काऊन?”

“माय गेली तवापासून घरात कोणी बोलत नाई जी.”

तो हसून म्हणाला. रविता हसली नाही. बाबा गेल्यावर दुकानाच्या माडीवर तीही एकटीच होती. एक ताट, एक पेला. जेवताना ती रेडिओ लावून ठेवायची, ऐकायला नव्हे... नुसता असावा म्हणून.

“सोबतीला मोटर लावत नसतात, पटलेजी,” ती हळूच म्हणाली. “बारीक नक्षी आहे. पाण्याचाच घ्या.”

“तुमी म्हणाल तसं.”

तिसऱ्या गुरुवारी किती वॅटचा, यावर बोलणं झालं. चौथ्या गुरुवारी दरेकशाच्या विजेचा दाब किती पडतो, यावर. शेजारी फुलं विकणारी देवकाबाई हार ओवता ओवता ओरडली, “अवं, इतक्यात लोकायचे लगन जमतात बाप्पा! अन् तुमची एक मोटर नाई ठरून राहिली!”

दोघंही एकदम मोटरांच्या यादीत डोकं घालून बसले.

शेवटी ठरली — आठशे वॅटची, पाण्यावरची. मागवली. आली. रविताने त्याला कळवायला फोन उचलला आणि तिचा हात थांबला. मोटर गेली की गुरुवार राहील, पण गुरुवारचं माणूस?

तो आला तेव्हा ती म्हणाली, “नाही आली अजून.”

गिऱ्हाइकाशी ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच बोलली.

मंगळवारी संध्याकाळी ती देवळात कीर्तनाला गेली. बुवांनी पुंडलिकाचं आख्यान लावलं होतं. “देवाला उभं ठेवलं हो! पण कशासाठी? आईबापाच्या सेवेसाठी. आता ज्याने त्याने आपल्या मनाला विचारा — मी कोणाला उभं ठेवलंय, आणि कशासाठी?” मृदंग समेवर आला, सारं देऊळ टाळ्यांनी भरलं. रविताचे हात मात्र मांडीवरच राहिले.

गुरुवारी तिने खोकं काउंटरवर ठेवलं.

“पंधरा दिवस झाले येऊन. मी खोटं बोलले.”

“काऊन?”

“आली म्हटलं असतं, तर... तुम्ही परत आले नसते.”

धनेंद्रने खोकं जवळ ओढलं. “सोमवारी सप्ताह बसते. बारा माणसायले शबद देल्ला होता मी.”

खोकं उचलून तो निघाला. वळून पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी दरेकशाची गाडी आली, माणसं उतरून बाजारात पांगली. त्यांत तो नव्हता. देवकाबाईने त्या दिवशी थट्टा केली नाही; तेच रविताला जास्त लागलं. रात्री रेडिओही लावावासा वाटला नाही.

आणि रविवारी सकाळी फोन वाजला.

“मी... दरेकशावरून. नवा स्पिंडल आधी हळू चालवा लागते ना?”

“हो. बेअरिंगमधलं ग्रीस नीट पसरू द्यायचं. अर्धा तास हळू, मग थोडा थोडा वेग वाढवायचा.”

“चालू केला. आवाज बराबर आहे का, मले समजत नाई. तुमी ऐका.”

त्याने फोन मोटरजवळ धरला. तिने डोळे मिटले. गुणगुण एकसारखी येत होती, कुठे खरखर नाही.

“छान आहे,” ती म्हणाली. मग चाचरत, “सप्ताह?”

“जुन्याच चिपळ्यायवर निभावून राहिले.”

“रागावलात ना?”

“लय. गुरुवारी ठेसनावर गेलो, पण गाडीत नाई चढलो. गाडी गेली... तरी घरी जाववलं नाई. दुसरी गाडी येऊन गेली तरी बाकड्यावरच होतो.”

मोटर फिरत होती. फोन कोणीच ठेवत नव्हतं.

“अर्धा तास झाला,” तो अखेर म्हणाला. “वाढवू वेग? का अजून थांबा लागते? अन् आता खरं सांगजा, रविता.”

त्याने पहिल्यांदाच नाव घेतलं होतं. तिने पदराने डोळे टिपले.

“स्पिंडलसाठी थांबायची गरज नाही. माझ्यासाठी थांबा.”

तिकडे मोटरचा वेग वाढला नाही. फक्त त्याने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.